बावीस खाचांचा काटकोन

माणसाला काम सांगताना बरेच काही अध्याहृत ठेवता येते. यंत्रमानवाला काम सांगायचे तर ते सारे उघड करून, क्रमाने आणि मोजूनमापून सांगावे लागते. अंधेरीला किंवा घाटकोपरला गर्दीच्या वेळी लोकलच्या दारातून ‘जरा आत सरका’ अशी हाक आली, की आतला प्रत्येक प्रवासी त्या ‘जरा’चा अर्थ आपापल्या परीने लावतो, समोर किती जागा आहे, पुढचे स्थानक कोणते आणि आपल्याला उतरायचे कुठे, याचा हिशेब मनातल्या मनात करतो आणि मग दोन इंच किंवा दोन पावले सरकतो. चाकांवर चालणाऱ्या छोट्या यंत्राला ‘जरा’ कळत नाही. किती अंतर जायचे, कोणत्या दिशेला, किती वेगाने आणि काय दिसले की थांबायचे, हे त्याला आधीच सांगून ठेवावे लागते, आणि अशा आज्ञांची जी क्रमवार मांडणी होते तिला आज्ञावली किंवा रूढ शब्दात प्रोग्रॅम म्हणतात. ही मांडणी फळ्यावर लिहून शिकवता येते, पुस्तकातून पाठ करून घेता येते आणि खेळातूनही शिकवता येते. यांपैकी तिसरी वाट मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः पवईच्या आयआयटीच्या आवारात, चांगलीच मळलेली आहे.

या वाटेचा उगम अर्थातच पवईत नाही. ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाने 1948-49 मध्ये ‘एल्मर’ आणि ‘एल्सी’ नावाची दोन यांत्रिक कासवे तयार केली होती, जी उजेडाच्या दिशेने सरकत आणि अडथळ्याला धडकली की वाट बदलत. पुढे 1967 साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवली आणि तिच्या आज्ञांवर जमिनीवर रेघ ओढत फिरणारे यंत्रकासव मुलांच्या हाती दिले. पॅपर्ट यांनी काही वर्षे जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम केले होते, आणि मूल ज्ञान घेते ते हाताने काही घडवताना, हा विचार ते तिथून घेऊन आले होते. कासवाला चौकोन काढायला लावायचा असेल तर मूल स्वतः उठून चौकोनात चालून पाहते, कुठे किती वळलो हे अंगाने समजून घेते आणि तेच मग कासवाला सांगते, हे त्यांचे निरीक्षण या सगळ्या पद्धतीच्या मुळाशी आहे. त्यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या 1980 सालच्या पुस्तकाचे नाव लेगो कंपनीने 1998 मध्ये आपल्या यंत्रमानवांच्या संचाला दिले, इतका त्या विचाराचा दबदबा होता.

अंगाने समजून घेण्याच्या या पायरीला यंत्र लागतच नाही. उपनगरांतल्या जुन्या शाळांच्या वर्गांत आणि व्हरांड्यांत असलेली चौकोनी लाद्यांची जमीन त्यासाठी पुरेशी आहे: सहा लाद्या रुंद आणि सहा लाद्या लांब असा पट खडूने आखायचा, एका कोपऱ्यात घर आणि दुसऱ्या कोपऱ्यात शाळा काढायची, मध्ये दोन-तीन लाद्यांवर खड्डे म्हणून फुल्या मारायच्या आणि एका मुलाला यंत्रमानव करून पटावर उभे करायचे. बाकीच्या मुलांनी ‘एक घर पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’ एवढ्या तीनच आज्ञांच्या चिठ्ठ्या क्रमाने लावून त्याच्या हाती द्यायच्या आणि त्याने त्या जशाच्या तशा पाळायच्या. हा खेळ सुरू झाला की पहिला गोंधळ ठरलेला असतो, कारण ‘डावीकडे वळ’ म्हणजे जागेवरच तोंड फिरवणे की डावीकडच्या लादीवर जाणे, यावर दोन तट पडतात. आणि तो मिटतो न मिटतो तोच, यंत्रमानव झालेला मुलगा वर्गाकडे तोंड करून उभा असला तर डावी बाजू त्याची धरायची की पाहणाऱ्यांची, हा दुसरा वाद उभा राहतो. शिक्षकाने हे वाद चटकन मिटवू नयेत, कारण एका शब्दाचा एकच अर्थ ठरवून घेणे हा आज्ञावली लिहिण्याचा पहिला धडा मुले तिथे स्वतःच भांडून शिकत असतात.

ठिकरी किंवा लंगडी खेळलेल्या मुलांना अशी चौकटीची शिस्त नवी नसते. सापशिडीच्या पटावरही ‘या घरात आलास तर खाली जा’ अशी अट लिहिलेली असते, आणि संगणकाच्या भाषेत जिला सशर्त आज्ञा म्हणतात ती ‘जर असे, तर तसे’ ही रचना त्याहून निराळी नाही. चिठ्ठ्यांच्या खेळात सलग पाच वेळा ‘एक घर पुढे’ लिहावे लागले की कोणी तरी कंटाळून ‘पाच वेळा पुढे’ अशी एकच चिठ्ठी सुचवतो, आणि तिथे पुनरावर्तन, म्हणजे तीच आज्ञा ठराविक वेळा करवून घेणारी रचना, व्याख्येआधीच जन्माला येते.

यंत्राविना संगणकशास्त्र शिकवण्याच्या या प्रकाराला न्यूझीलंडच्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अनप्लग्ड’, म्हणजे विजेच्या प्लगपासून सुटलेले, असे नाव दिले आणि ते जगभर रुळले. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या भारतीय शाखेने 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमाने अशा कृतींचे साहित्य मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले आहे. त्याच्याही आधी, पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही शालेय पाठ्यपुस्तकांची माला तयार झाली होती, जिच्यात तेजस आणि ज्योती ही दोन मुले आणि त्यांचा मोझ नावाचा उंदीर यांच्या गप्पांतून टप्प्याटप्प्याने विचार करण्याची सवय लावली जाते. संगणक हा विषय म्हणजे एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरमधल्या पर्यायांची जंत्री पाठ करणे नव्हे, ही तिची भूमिका होती. याच गटाने 2010 मध्ये शाळांसाठी संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा आराखडाही प्रसिद्ध केला आणि पुस्तके कोणालाही मोफत वापरता येतील अशा परवान्याखाली खुली ठेवली.

चिठ्ठ्यांनंतरची पायरी म्हणजे पाठीवर बटणे असलेले छोटे यंत्र. ब्रिटनमधल्या शाळांत रुळलेला ‘बी-बॉट’ हा मधमाशीच्या आकाराचा खेळ याचा सर्वांत साधा नमुना आहे: तो एका आज्ञेला बरोबर 15 सेंटिमीटर सरकतो, 90 अंशांतच वळतो आणि त्याच्या मूळ आवृत्तीत 40 आज्ञा साठतात. त्याचे यश त्याच्या मर्यादेत आहे, कारण पट 15 सेंटिमीटरच्या चौकटींचा आखला की यंत्र आणि खेळ एकमेकांत चपखल बसतात आणि मुलाचे सगळे लक्ष आज्ञांच्या क्रमावर राहते. मात्र याच कारणामुळे बी-बॉट एक मोठी गोष्ट मुलापासून लपवून ठेवतो, ती म्हणजे खऱ्या यंत्राला 15 सेंटिमीटर म्हणजे किती आणि काटकोन म्हणजे काय, हे आपण होऊन अजिबात ठाऊक नसते.

ती लपलेली गोष्ट पवईत उघडी होते. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागातील प्राध्यापक कवी आर्य यांच्या नेतृत्वाखाली, केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाधारित शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून ‘ई-यंत्र’ हा प्रकल्प उभा राहिला आणि 2012 पासून त्याच्या वतीने अभियांत्रिकी व विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी यंत्रमानव स्पर्धा भरू लागली. तिच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘फायरबर्ड 5’ हा यंत्रमानव वापरात होता, जो आयआयटीची प्रयोगशाळा आणि नेक्स रोबोटिक्स या कंपनीने मिळून घडवला होता. दोन चाके, प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर, तोल सांभाळायला एक मोकळे फिरणारे चाक, खालची रेषा ओळखणारे तीन संवेदक, आजूबाजूच्या वस्तूंची चाहूल घेणारे आठ संवेदक, दोन ओळींचा छोटा पडदा आणि एक बझर, असा त्याचा संसार. आणि या सगळ्याचे कारभारीपण अंगठ्याच्या नखाएवढ्या मायक्रोकंट्रोलरकडे, म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेल्या छोट्या संगणकाकडे, होते.

हा यंत्रमानव काटकोनात वळतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. ‘डावी मोटर उलटी आणि उजवी सुलटी, इतके सेकंद चालव’ अशी आज्ञा देणे हा सर्वांना प्रथम सुचणारा उपाय असतो आणि तो सकाळी उत्तम चालतो. पण दुपारपर्यंत बॅटरी उतरते, मोटर मंद फिरू लागते आणि तेवढ्याच सेकंदांत यंत्र 90 ऐवजी 70 अंशच वळते. वेळ मोजण्यात चूक होत नाही, मोजण्यासाठी निवडलेली राशीच चुकलेली असते. म्हणून चाकाच्या आसाबरोबर 30 खाचांची एक चकती फिरवली जाते, तिच्या एका बाजूला प्रकाशाचा उगम आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा घटक असतो, आणि खाच समोरून गेली की एक ठोका मोजला जातो. चाकाचा व्यास सुमारे 51 मिलिमीटर असल्याने त्याचा परीघ साधारण 160 मिलिमीटर भरतो, त्याचे 30 भाग केले की एका ठोक्याला सुमारे 5.3 मिलिमीटर अंतर पडते, आणि दोन चाकांमधले अंतर ध्यानात घेता एक ठोका म्हणजे जागेवर सुमारे 4.09 अंशांचे वळण होते. आता 90 ला 4.09 ने भागले की उत्तर येते 22. यंत्रमानवाचा काटकोन असा बावीस खाचांचा असतो, आणि परीघ, व्यास, भागाकार हे शाळेत केवळ गुणांसाठी घोकलेले गणित इथे पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर चालताना दिसते.

रेषेवरून चालण्याचे तंत्रही याच धर्तीवर उलगडते. मधला संवेदक रेषेवर असेल तर सरळ जावे, डावा संवेदक रेषेवर आला तर यंत्र उजवीकडे भरकटले आहे असे समजून डावीकडे वळावे आणि उजवा आला तर उलट करावे, एवढ्या तीन अटींनी यंत्र रेषेवरून चालू लागते खरे, पण दारू पिऊन घरी निघालेल्या माणसासारखे झोकांड्या खात. चूक लहान असेल तर वळण लहान आणि मोठी असेल तर मोठे, असा सुधार केला की चाल सावरते. चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती करण्याचे हे तत्त्व पुढे नियंत्रण-अभियांत्रिकीत गणिती रूपात शिकवले जाते, परंतु ज्याने झोकांड्या पाहिल्या आहेत त्याला ते समीकरण परके वाटत नाही. त्यातच खिडकीतून ऊन पटावर पडले की अवरक्त प्रकाशावर चालणारे संवेदक गोंधळतात आणि पावसाळी मळभात नीट चाललेला यंत्रमानव ऑक्टोबरच्या उन्हात रेषा सोडून देतो, तेव्हा जागच्या उजेडानुसार संवेदकाचे आकडे पुन्हा जुळवून घ्यावे लागतात.

ई-यंत्रच्या स्पर्धेचे खरे वेगळेपण मात्र यंत्रात नसून खेळात आहे. दर वर्षी व्यवहारातला एखादा प्रश्न किंवा एखादी कथा घेऊन तिचा पट, नियमांची पुस्तिका आणि गुणांचे सूत्र तयार केले जाते. शेतातली तोडणी, गोदामातली ने-आण, आपत्तीतला मदतपुरवठा अशा विषयांबरोबर एका वर्षी चक्क तहानलेल्या कावळ्याची गोष्टही पटावर आली होती. तिच्यात यंत्रमानव कावळा झाला, पटावर ठेवलेले खडे वेचून घड्यापाशी आणू लागला, आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यावर संगणकाने काढलेले चित्र चढवून घड्यातले पाणी पडद्यावर वर येताना दाखवणे हेही स्पर्धकांचेच काम होते. बालवाडीत ऐकलेली गोष्ट अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापुढे ठेवणे कोणाला पोरकट वाटेल. पण गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे ‘काय करायचे’ हे समजून घेण्यात वेळ जात नाही आणि सगळी बुद्धी ‘कसे करायचे’ यावर खर्च होते.

चार-चार विद्यार्थ्यांचे गट पहिल्या टप्प्यात काही कामे पार पाडतात आणि निवडलेल्या गटांना यंत्रमानवाचा संच विनामूल्य घरपोच मिळतो. पटाचे चित्र संगणकीय फाइलच्या रूपात येते आणि तो फ्लेक्सवर छापून घ्यायचा असतो, म्हणजे चौकाचौकांत नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा ज्या कापडावर झळकतात त्याच कापडाला इथे जरा बरे काम मिळते. पट जमिनीवर अंथरायचा, नियमांची पुस्तिका पुन्हा पुन्हा वाचायची, धावेचे चित्रीकरण पाठवायचे आणि अंतिम फेरीला पवईत यायचे, असा कित्येक महिन्यांचा हा प्रवास असतो. त्यात चांगली कामगिरी करणाऱ्यांना उन्हाळ्यात आयआयटीत प्रशिक्षणार्थी म्हणून काम करण्याची संधी मिळते.

प्रकल्पाची दुसरी बाजू त्यामानाने कमी गाजते, पण अधिक मोलाची आहे. महाविद्यालयांत यंत्रमानवांची प्रयोगशाळा उभारताना ई-यंत्र आधी तिथल्या शिक्षकांना गटाने कार्यशाळेत बसवते आणि विद्यार्थ्यांसारखीच कामे त्यांच्याकडून करवून घेते. शिक्षकाच्या हातून यंत्र भिंतीवर आदळल्याखेरीज विद्यार्थ्याच्या यंत्राच्या धडकेकडे तो शांतपणे पाहू शकत नाही, हे या योजनेमागचे शहाणपण दिसते.

याच आवारात 1998 पासून भरणाऱ्या ‘टेकफेस्ट’ या विद्यार्थ्यांच्या विज्ञान-तंत्रज्ञान महोत्सवातही यंत्रमानवांचे खेळ रंगतात, आणि त्यांतला रेषांच्या चक्रव्यूहाचा ‘मेशमराइझ’ हा खेळ शिकवण्याच्या दृष्टीने फार सुंदर आहे. यंत्राला आधी एक सरावफेरी मिळते, जिच्यात त्याने चक्रव्यूह चाचपून वाट शोधायची असते, आणि मग खऱ्या फेरीत तीच वाट फसव्या गल्ल्या टाळून कमीत कमी वेळात कापायची असते. चाचपण्यासाठी ‘प्रत्येक नाक्यावर डावा हात धर’ हा जुना नियम पुरतो. परंतु चुकलेली वाट वगळायची कशी? त्याचे उत्तर कागदावर सुटते. समजा यंत्र नाक्यावर डावीकडे वळले, गल्ली बंद निघाली म्हणून मागे फिरले आणि नाक्यावर परत आल्यावर नियमानुसार पुन्हा डावीकडे वळले, तर ‘डावे, मागे, डावे’ या तीन नोंदींचा एकूण परिणाम एकच होतो: ते मूळच्या दिशेने सरळ पुढे गेले. म्हणून या तीन नोंदी खोडून त्यांच्या जागी ‘सरळ’ असे लिहायचे, आणि हीच खोडाखोड जिथे जिथे ‘मागे’ आले तिथे करत गेले की शेवटी फसव्या गल्ल्या नसलेली वाट उरते. वरच्या वर्गांतल्या मुलांकडून पेन्सिल आणि चौकटीच्या वहीवर हे करवून घेता येते, त्यासाठी मोटर लागत नाही.

खेळाचा पट आपल्याच अंगणातून उचलण्याची उदाहरणे पुण्यातही घडली आहेत. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ‘रोबोकॉन’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा 2008 मध्ये पुण्यात भरली तेव्हा तिचा विषय ‘गोविंदा’ होता आणि लोण्याच्या मडक्यांपर्यंत पोहोचण्याची करामत यंत्रांना करायची होती. 2014 मध्ये ती पुन्हा पुण्यात आली तेव्हा पालक-यंत्राने बाळ-यंत्राला सी-सॉ, झोका आणि जंगलजिमवर खेळवायचे होते. घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या गल्लीत दहीहंडीचे थर लावणाऱ्या मुलाला पहिल्या विषयातली अडचण स्पष्टीकरणाविना कळली असती: वर पोहोचणे जितके कठीण तितकेच खालच्याने न हलणे कठीण.

शाळांच्या पातळीवर साधने आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यातले 10 लाख उभारणीसाठी आणि उरलेले पुढच्या पाच वर्षांपर्यंतच्या खर्चासाठी असतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही माध्यमिक टप्प्याच्या आधीपासूनच आज्ञावली-लेखनाचा अंतर्भाव सुचवला आहे. अनुदानाबाहेरच्या शाळांतली मुले आणि महाविद्यालयीन विद्यार्थी आजही लोकल पकडून ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर जातात आणि मोटर, चाके, संवेदक सुटे घेऊन येतात. धोका साधनांच्या अभावात जितका आहे तितकाच त्यांच्या गैरवापरातही आहे. उपनगरांत फोफावलेल्या खासगी वर्गांत रंगीत पुस्तिकेतल्या चित्राबरहुकूम संच जोडायचा, तयार आज्ञावली भरायची आणि पालकांसमोर यंत्र फिरवून दाखवायचे, असा प्रकार आढळतो. त्यात यंत्र कधी चुकत नाही, आणि म्हणून मूलही काही शिकत नाही. चिठ्ठ्यांचा खेळ, फुकट छापता येणारा पट आणि दोन-तीन यंत्रे गटागटांत फिरवून वापरणारा शिक्षक, एवढ्यावर पन्नास मुलांच्या वर्गात याहून बरेच अधिक साधते, मात्र त्यासाठी शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई आवरावी लागते आणि गोंगाट सोसावा लागतो.

गोंगाटाची कारणेही बहुधा बारीक असतात. एकाच डब्यातून काढलेल्या दोन मोटर सारख्या वेगाने फिरत नाहीत, त्यामुळे ‘सरळ जा’ म्हटलेले यंत्र हळूच एका बाजूला झुकते; चाकाचे रबर झिजते, व्यास किंचित घटतो आणि दर ठोक्याचे अंतर बदलते; फ्लेक्सवर नीट पकड घेणारे चाक गुळगुळीत लादीवर घसरते, खाचा मोजल्या जातात पण यंत्र तेवढे वळत नाही. अशा लादीवर काटकोनाला 22 ऐवजी 23 किंवा 24 ठोके द्यावे लागतात, आणि तो आकडा कोणत्याही पुस्तिकेत छापलेला नसल्यामुळे प्रत्येक गटाला आपल्या जमिनीवर यंत्र वळवून, कोनमापक लावून, तो स्वतःच काढावा लागतो.